मका नसलेले चिप्स आणि साल्सा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या भाच्याला मका चालत नाही हे कळलं तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि वाढदिवसांच्या मोसमात होता. प्रत्येक वाढदिवसाला टेबलावर तेच पिवळे त्रिकोण, शेजारी लाल साल्सा, आणि हा पठ्ठ्या काकडीचे काप घेऊन बसलेला. तिथून माझी खटपट सुरू झाली. पुढे रीत सोसायटीत फिरली, नातेवाइकांत गेली, आणि तेच तेच प्रश्न फोनवर येऊ लागले. ते इथे एकत्र केले आहेत. वाटी म्हणजे साधारण १५० मिलीची आमटीची वाटी, आणि मोठा चमचा म्हणजे जेवणाचा चमचा. पोह्यांचा नव्हे.

१. मका न घालता चिप्स होतात तरी का? मग त्यांना नाचो म्हणायचं का?

होतात, आणि छान होतात. नाव तुम्हाला हवं ते द्या. मेक्सिकोत तळलेल्या त्रिकोणी तुकड्यांना तोतोपोस म्हणतात. नाचो म्हणजे त्यांच्यावर चीज आणि मिरची घालून केलेला पदार्थ. आपल्याकडे नुसत्या चिप्सनाच नाचो म्हणायची सवय लागली आहे, त्यावर मी भांडत बसत नाही.

मेक्सिकोतसुद्धा सगळीकडे मक्याचीच टॉर्टिया (तिथली पोळी) नसते. उत्तरेकडे, विशेषतः सोनोरा प्रांतात, गव्हाची टॉर्टिया रोजच्या जेवणात असते. गहू तिथे स्पॅनिश लोकांबरोबर गेला. म्हणजे गव्हाचे चिप्स हे काही आपलं जुगाड नव्हे.

चिप्सचा कुरकुरीतपणा मक्यात नसतो, रीतीत असतो. पीठ आधी शिजवायचं किंवा भाजायचं, मग वाळवायचं, मग तळायचं. या तीन पायऱ्या पाळल्या तर बहुतेक कुठलंही पीठ ऐकतं. एक गाळली तर मका वापरूनही पापडी होईल, चिप नाही.

२. पहिल्यांदाच करतेय. कोणत्या पिठापासून सुरुवात करू?

कणीक आणि मैदा निम्मे-निम्मे. लाटायला सोपे, फाटत नाहीत, नवशिक्याची फजिती होत नाही (रीत प्रश्न ४ मध्ये). चवीला मात्र ज्वारी सरस. तिला स्वतःची गोडसर, भाजकी चव आहे आणि टोमॅटोच्या आंबटपणासमोर ती टिकते. मैद्याचा चिप बिचारा साल्सा तोंडापर्यंत पोचवण्याचंच काम करतो. गहू चालत नसेल तर थेट ज्वारीकडे जा, पण प्रश्न १६ आणि १७ आधी वाचा.

३. ज्वारीच्या चिप्सची नीट रीत सांगा. भाकरीसारखं पीठ मळून पाहिलं, तळताना तुकडे झाले.

तुकडे झाले कारण पीठ कच्चं होतं. ज्वारीत ग्लुटेन (गव्हाच्या पिठाला चिकटपणा देणारं प्रथिन) नाही, त्यामुळे तिला एकत्र धरून ठेवायचं काम शिजलेला स्टार्चच करतो. म्हणून उकड काढायची.

लागतं ते असं : ३ वाट्या ज्वारीचं पीठ (साधारण पाव किलो), २ मोठे चमचे तांदळाचं पीठ, सव्वादोन ते अडीच वाट्या पाणी, १ मोठा चमचा तेल, पाऊण चमचा मीठ, हवे तर तीळ.

पाणी, मीठ, तेल एकत्र उकळा. खळखळून उकळी आली की गॅस बारीक करून दोन्ही पिठं एकदम घाला, उलथन्याच्या दांड्याने ढवळा आणि झाकण ठेवून गॅस बंद करा. दहा मिनिटं हात लावू नका. मग परातीत काढून, हाताला सोसेल इतकं गरम असतानाच, पाण्याचा हात लावत लोण्यासारखं मऊ होईपर्यंत मळा. पाच मिनिटं तरी मळाच. मोदकाची उकड मळता तशी. अर्धवट मळलेल्या गोळ्याची कड लाटताना फाटते.

लिंबाएवढे गोळे करून दुधाच्या पिशवीच्या दोन तुकड्यांमध्ये लाटा. पिशवी कापून धुऊन पुसून घ्यायची, याहून चांगलं साधन मला अजून मिळालेलं नाही. जाडी साधारण एक मिलिमीटर. कशी ओळखायची? लाटलेल्या पोळीखालून पिशवीवरची अक्षरं पुसट दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर अजून लाटा, स्वच्छ वाचता आली तर जास्त झालं.

गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट शेका. डाग पडू द्यायचे नाहीत, फुगू द्यायचं नाही. फक्त ओली चमक गेली पाहिजे. सुरीने किंवा शंकरपाळ्यांच्या कातण्याने आठ त्रिकोण कापा आणि सुती पंचावर पसरून पंख्याखाली पाऊण तास ठेवा. तुकडा उचलला की वाकतो, पण चिकटत नाही, अशी अवस्था हवी.

तेल मध्यम गरम, १७० ते १७५ अंश. थर्मामीटर नसेल तर एक कोपरा टाकून बघा. तळाला जाऊन दोन-तीन सेकंदांत बुडबुड्यांसह वर आला की तेल तयार. थोडे थोडे तळा, दोन ते तीन मिनिटं. डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवा. चुरचुर आवाज कमी झाला, बुडबुडे विरळ झाले, की आतलं पाणी गेलं. काढा.

पीठ ताजंच हवं. जुन्या पिठाची विरी गेलेली असते आणि मग उकड काढूनही गोळा भुगा होतो. मालदांडी ज्वारी मिळाली तर सोन्याहून पिवळं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे ते उगाच नाही.

४. गव्हाचे चिप्स कसे करायचे? आणि शिळ्या पोळ्यांचे होतात का?

दीड वाटी कणीक, दीड वाटी मैदा, २ मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, मीठ, कोमट पाणी. पुरीसारखं घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. पातळ लाटा, तव्यावर अर्धवट शेका, कापा, वाळवा, तळा. पुढचं सगळं प्रश्न ३ प्रमाणेच, फक्त वाळवायला वीस मिनिटं पुरतात.

शिळ्या पोळ्यांचे होतात, आणि हीच मूळ रीत आहे. मेक्सिकोतही कालच्या टॉर्टिया कापून तळायच्या, हीच घरगुती पद्धत. आपण फोडणीची पोळी करतो, ते तोतोपोस करतात. घडीची पोळी असेल तर मात्र पदर सुटतात आणि मध्ये तेल भरतं, म्हणून फुलक्याच्या घ्या. फुलक्याचेही दोन पापुद्रे असतात. लाटण्याने दाबून हवा काढा, मगच कापा.

५. माझे चिप्स पुरीसारखे टम्म फुगतात. काय चुकतंय?

तीनपैकी एक : काट्याने टोचे मारले नाहीत, तव्यावर शेकलं नाही, किंवा तेल फार तापलं. लाटल्यावर काट्याने भरपूर टोचे मारा, कडक पुऱ्यांना मारतो तसे. वाफेला बाहेर पडायला वाट मिळते. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातल्या तेवांतेपेक भागात तोतोपो मातीच्या भट्टीत भाजतात, त्यालाही भाजण्याआधी मुद्दाम भोकं पाडतात. अख्खा तोतोपो भोकाभोकांचा, कडक, कितीतरी दिवस टिकणारा. त्याची रीत वाचली तेव्हा मला पहिल्यांदा सोलापूरची कडक भाकरीच आठवली.

फुगलेले फेकू नका. त्यांत साल्सा भरून शेवपुरीसारखे खा. माझी पहिली खेप सगळी तशीच संपली आणि कोणी तक्रार केली नाही.

६. बाहेरून लाल झाले, पण गार झाल्यावर चिवट.

तेल जास्त तापलेलं होतं. बाहेरची बाजू रंगली, आतलं पाणी अडकलं, गार झाल्यावर ते बाहेर येऊन चिप मऊ पडला. आच कमी करा, वेळ वाढवा. झालेले चिप्स १५० अंशांवर ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं ठेवले तर बरेचसे सुधारतात.

७. तळायचे नाहीत. ओव्हन किंवा एअर फ्रायरमध्ये जमतील?

गव्हाचे उत्तम जमतात. दोन्ही बाजूंना तेलाचं बोट फिरवा, एका थरात पसरा, १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं, मध्ये एकदा उलटा. कडा बदामी झाल्या की काढा. मधला भाग मऊ वाटला तरी थांबू नका, गार होताना तो कडक होतो.

एअर फ्रायरमध्ये १७० अंशांवर पाच ते सात मिनिटं. तुकडे हलके असल्याने पंख्याच्या झोताने उडून वरच्या कॉइलला चिकटतात आणि जळक्या वासाने घर भरतं. वर छोटी तारेची जाळी ठेवा.

ज्वारीचे भाजलेले चिप्स खरं सांगायचं तर जरा कोरडे लागतात. उकडीत तेल एकाऐवजी तीन मोठे चमचे घातलं तर बरे होतात, तरी तळलेल्याची सर नाही.

८. बाजरी, नाचणी, तांदूळ, बेसन यांचे?

नाचणीचे सुंदर होतात, ज्वारीच्याच रीतीने, फक्त रंग काळपट असल्याने झाले की नाही ते दिसत नाही. आवाजावरच जा. तांदळाचे फार कडक होतात, पापडीसारखे काचेगत तुटतात. चौथाई ज्वारी मिसळा. बाजरीचं पीठ काही दिवसांतच कडवट होतं, म्हणून दळून आणल्यावर आठवड्याच्या आत वापरा. तिची चव उग्र आहे, साध्या साल्सापेक्षा भाजक्या साल्साबरोबर (प्रश्न १०) शोभते.

बेसनाचे म्हणजे शेवटी पापडीच होते. चिप म्हणून मला पटत नाही, पण आवड आपापली. करायचेच तर हरभऱ्याची डाळ स्वतः दळून आणा. सुट्या बेसनात मक्याच्या पिठाची भेसळ होऊ शकते.

कच्च्या केळ्याचे लांब उभे काप तळले तर तेही साल्सा झकास उचलतात. पीठ नको, लाटणं नको.

९. साल्सात बुडवला की चिप मोडतो किंवा लगदा होतो. चिप जाड करू का?

नको. चिपला शिक्षा कशाला, चूक साल्साची आहे. आपल्याकडचे टोमॅटो पाणीदार असतात. साल्सा करून वाटी टेबलावर ठेवली की दहा मिनिटांत खाली तळं साचतं.

४ मध्यम टोमॅटो अर्धे करून बिया आणि पाणी बोटाने काढून टाका. ते पाणी रश्शात घाला, वाया जात नाही. गर बारीक चिरा, पाव चमचा मीठ लावून चाळणीत पंधरा मिनिटं निथळत ठेवा. एक लहान कांदा बारीक चिरून गार पाण्यातून काढा, उग्रपणा जातो. २ हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस. सगळं वाढायच्या आधी एकत्र करा, तासभर आधी नाही. मेक्सिकोत याला पिको दे गायो म्हणतात.

यात जिरेपूड, चाट मसाला, केचप घालू नका. चाट मसाला घातलात तर चवीला छान लागेल, पण ती कोशिंबीर झाली. ज्वालासारखी तिखट मिरची असेल तर बिया काढा.

आणि चिपचं टोक नव्हे, रुंद बाजू बुडवा. मुलांना हे सांगावं लागतं, मोठ्यांना जास्त.

१०. हॉटेलात मिळतो तसा भाजका, दाट साल्सा कसा करायचा?

मेक्सिकन स्वयंपाकघरातला कोमाल म्हणजे तवाच, आणि मोल्काहेते म्हणजे ज्वालामुखीच्या दगडाचा तीन पायांचा खल. त्यामुळे आपल्याला काही विकत आणायची गरज नाही. लोखंडी तव्यावर अख्खे टोमॅटो, सालासकट लसणाच्या ४ पाकळ्या, २ मिरच्या आणि कांद्याची जाड चकती कोरड्याच भाजा. वांग्याच्या भरताला भाजतो तितकं काळं नाही, पण साल सुटून काळे ठिपके यायला हवेत. मिरची आणि लसूण आधी होतात, ते काढत जा.

खलबत्त्यात आधी लसूण, मीठ आणि मिरची कुटा, मग कांदा, शेवटी टोमॅटो. मिक्सर वापरायचा तर दोनदा चालू-बंद, बस. जास्त फिरवला की हवा शिरून रंग गुलाबी होतो आणि सूपसारखं दिसतं. दोन मोठे चमचे तेलात पाच मिनिटं परतलं की दाट होतो आणि चिप मऊ पडायची भीती जाते.

११. टोमॅटो स्वस्त असताना साल्सा करून बाटल्यांत भरून ठेवता येईल का?

फ्रिजबाहेर नाही. टोमॅटोचा आंबटपणा सुरक्षित हद्दीच्या अगदी काठावर असतो, त्यात कांदा, मिरची, लसूण घातले की तो आणखी कमी होतो आणि हवाबंद बाटलीत बोटुलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) धोका राहतो. लोणच्याच्या हिशोबाने याच्याकडे बघू नका. लोणच्यात मीठ आणि तेल भरपूर असतं, साल्सात नसतं. ताजा साल्सा फ्रिजमध्ये दोन दिवस, भाजका तीन-चार दिवस. भाजका फ्रीझरमध्ये दोन महिने छान राहतो.

१२. चिप्स किती दिवस टिकतात? पावसाळ्यात तर संध्याकाळपर्यंत मऊ.

पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दहा-बारा दिवस. कोमट असताना डबा लावलात तर त्याच दिवशी मऊ. पावसाळ्यात शेकलेले, कापलेले, वाळवलेले कच्चे तुकडे फ्रीझरमध्ये ठेवते आणि लागतील तसे तळते. फ्रीझरमधून थेट तेलात, बाहेर ठेवून पाणी सुटू द्यायचं नाही. मऊ पडलेल्यांसाठी प्रश्न ६ मधला ओव्हनचा उपाय.

१३. कुरकुरीतपणासाठी थोडं कॉर्नफ्लोअर घातलं तर चालेल ना? ते पांढरं असतं, मक्याचं पीठ थोडीच आहे.

हा प्रश्न महिन्यातून एकदा येतोच, म्हणून ठळक सांगते : आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणून जी पांढरी भुकटी मिळते ती मक्याचाच स्टार्च आहे. पिवळं मक्याचं पीठ म्हणजे अख्खा दाणा दळलेला, पांढरं म्हणजे त्यातला स्टार्च वेगळा काढलेला. मका टाळायचा तर दोन्ही टाळायचे.

याच हिशोबाने कस्टर्ड पावडर मुख्यतः मक्याचा स्टार्च असते. बेकिंग पावडर आणि पिठीसाखरेतही तो बहुधा असतो. चिप्सना बेकिंग पावडर लागतच नाही. दुकानात आरारूट मागितलं तरी कित्येकदा हातात मक्याचाच स्टार्च पडतो. कुरकुरीतपणाला तांदळाचं पीठ पुरेसं आहे.

१४. विकतचे नाचणी चिप्स, मल्टिग्रेन चिप्स, तयार साल्सा चालतील का?

पुढचं मोठं नाव नका वाचू, मागची बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. नाचणी चिप्सच्या पाकिटावर पहिला घटक मका आणि नाचणी तिसरी-चौथी, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

‘अ‍ॅलर्जीची सूचना’ या ओळीवर विसंबू नका. भारतातल्या २०२० च्या लेबलिंग नियमांत ज्या अ‍ॅलर्जीकारक घटकांची वेगळी नोंद सक्तीची आहे, त्या यादीत ग्लुटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन वगैरे आहेत. मका नाही. त्यामुळे ती ओळ कोरी असूनही आत मका असू शकतो. घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, मॉडिफाइड स्टार्च दिसलं तर ते मक्यापासून आलेलं असण्याची शक्यता मोठी. तयार साल्सा आणि केचप घट्ट करायला यातलंच काहीतरी घातलेलं असतं. साल्सा घरीच करा, लिंबू वापरा.

१५. घरी सगळं नीट केलं, तरी मुलीला खाज आली. असं कसं?

गिरणी तपासलीत का? आमच्याकडे हेच झालं होतं. ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून दिली, भाच्याला दोन चिप्स खाताच ओठांना खाज. दुसऱ्या दिवशी गिरणीत जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं की माझ्या आधीचा डबा मक्याचा होता. गिरणीवाल्यांचा त्यात दोष नाही, मी कधी सांगितलंच नव्हतं. जात्याच्या कडांना आणि पिठाच्या पिशवीत आधीच्या दळणाचं मूठ-दोन मूठ पीठ राहतंच. एरवी ते कोणाला कळतही नाही.

उपाय : सकाळी पहिलं दळण तुमचं करून घ्या, आणि तरीही आधी किलोभर तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढा. अ‍ॅलर्जी तीव्र असेल तर घरघंटीच हवी, आणि त्या घरघंटीत मका कधीच दळायचा नाही. तेलाचंही तसंच. ज्या तेलात मक्याचं काही तळलं त्यात हे तळू नका. मक्याचं तेलही नको. शेंगदाणा, सूर्यफूल, राइस ब्रॅन, जे चालतं ते घ्या.

१६. मक्याची अ‍ॅलर्जी आहे. ज्वारी निर्धास्त द्यायची ना?

निर्धास्त नाही. ज्वारी ही मक्याची जवळची नातेवाईक, ऊसही त्याच गोतावळ्यातला. मक्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना ज्वारी चालते, पण प्रथिनांच्या साम्यामुळे काहींना त्रास होऊ शकतो. पूर्वीपासून घरात भाकरी खाल्ली जात असेल आणि काही झालं नसेल तर प्रश्न वेगळा. कधीच दिली नसेल तर आधी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना विचारा. पूर्वी श्वासाला त्रास, सूज, चक्कर असं काही झालं असेल तर घरी चाखून बघण्याचा प्रयोग अजिबात नको.

१७. मका नाही म्हणजे ग्लुटेनही नाही, बरोबर?

उलट. ग्लुटेन टाळणारे लोक बहुधा मक्यावरच विसंबून असतात, आणि मका टाळणाऱ्यांच्या चिप्समध्ये बहुधा गहू येतो. सीलिअ‍ॅक (ग्लुटेन न चालण्याचा आजार) असेल तर ज्वारी, नाचणी, बाजरी, तांदूळ. पण गिरणीचा मुद्दा (प्रश्न १५) इथे दुप्पट लागू, कारण गहू तर प्रत्येक गिरणीत दिवसभर दळला जातो. चवीला हिंग घालणार असाल तर तेही बघा, बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो.

१८. ज्वारीच्या चिप्सना मक्याच्या चिप्ससारखाच वास आणता येईल का? चुना घालतात असं ऐकलं.

तो वास नुसत्या मक्याचा नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, धुऊन वाटतात. या प्रक्रियेला निश्तमालीकरण म्हणतात. त्याने साल सुटते, पीठ एकजीव होतं, नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगं होतं आणि तो खास वास येतो.

ज्वारीवर हे करतात, हे खरं आहे. होंडुरास, एल साल्वादोर या भागांत ज्वारीला माइसियो म्हणतात आणि मका कमी पडला की चुन्यात शिजवून तिच्या टॉर्टिया करतात. पण क्षारामुळे ज्वारीचा रंग काळवंडतो. मी पानाच्या चुन्याची निवळी घालून एकदा करून पाहिलं. हिरवट-करडे चिप्स झाले, वास मक्याचा नाही आणि ज्वारीचाही नाही. पुन्हा केले नाहीत. मुलांना पिवळा रंगच हवा असेल तर उकडीच्या पाण्यात चिमूटभर हळद घाला, काम होतं. ज्वारीला ज्वारीच राहू द्या.

१९. उपवासाला चालतील असे?

राजगिऱ्याचं पीठ २ वाट्या, उकडून किसलेला एक बटाटा, सैंधव, जिरं. पाणी लागलंच तर शिंपडून मळा, लाटा, टोचे मारा, थेट मंद आचेवर तळा. तव्यावर शेकायची गरज नाही. राजगिरा पटकन जळतो, नजर हटवू नका. राजगिरा मूळ मेक्सिकोकडचाच. आपली राजगिऱ्याची चिक्की तिथे आलेग्रिया नावाने मिळते.

साल्साची मात्र अडचण आहे. टोमॅटो आणि कांदा आपल्याकडे उपवासाला बहुतेक घरांत चालत नाहीत. काकडी, हिरवी मिरची, लिंबू, दाण्याचं भरड कूट असं करा. कोथिंबिरीचं तुमच्या घरचं मत तुम्हाला ठाऊक.

२०. आम्ही अमेरिकेत असतो. इथे काय वेगळं बघायचं?

ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, पण ते किती जुनं आहे कळत नाही. आधी वाटीभर पिठाची उकड काढून बघा, गोळा जमला तरच बाकीचं घ्या. पीठ भुगा होत असेल तर त्यात चौथाई टॅपिओका स्टार्च मिसळा. तिथल्या आयोडीनयुक्त मिठात डेक्स्ट्रोज असू शकतं आणि पांढरं व्हिनेगर बऱ्याचदा मक्याच्या अल्कोहोलपासून केलेलं असतं. तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर साधं समुद्री मीठ आणि लिंबू. अमेरिकेच्या नऊ प्रमुख अ‍ॅलर्जीकारकांच्या यादीतही मका नाही, म्हणून प्रश्न १४ मधली सावधगिरी तिथेही.

२१. पाहुणे तासाभरात येतायत. इतकं सगळं करायला वेळ नाही.

शेवपुरीच्या चपट्या पुऱ्या आणा. मैद्याच्या, कडक, टोचे मारलेल्या. विचार केला तर शेवपुरी हीसुद्धा चिप आणि साल्साच आहे. किंवा सोलापूरची कडक भाकरी मिळाली तर हाताने तोडून वाटीत लावा, वरून तेलाचं बोट आणि मीठ. नाचणीचे पापड चार तुकडे करून तळा. अ‍ॅलर्जीचा प्रश्न असेल तर मात्र पुऱ्या कशा तेलात तळल्या हे कळायला मार्ग नाही. तेव्हा घरचे पापड.

२२. वाढदिवसाला तीस मुलं आहेत. प्रमाण किती घेऊ?

पाव किलो पिठात ऐंशी ते नव्वद चिप्स होतात. मुलामागे बारा धरा, म्हणजे सव्वा किलो पीठ. साल्साला अडीच किलो टोमॅटो, निथळून त्यातला तिसरा हिस्सा जातो. मुलांसाठी मिरची वेगळ्या वाटीत.

लाटणं आणि शेकणं आदल्या दिवशी, तळणं त्याच दिवशी सकाळी. लाटायला कोणाला तरी बोलवा, एकटीने दीडशेवर त्रिकोणांनंतर कंबर बोलते. आणि टेबलावर विकतचे मक्याचे चिप्सही असतील तर ते वेगळ्या टोकाला, वेगळ्या साल्सासह ठेवा. मका न चालणाऱ्या मुलाची वाटी वेगळी राखून काही होत नाही, कारण मक्याचा चिप बुडवलेला हात पाच मिनिटांत त्याच वाटीत येतो. आम्ही शेवटी मक्याचे चिप्स आणणंच बंद केलं. भाचा आता अकरा वर्षांचा आहे, त्रिकोण तोच कापतो, आणि वाकडे कापतो.